दिवाणखान्यातला सेनापती

एच. जी. वेल्स हे नाव घेतले की कालयंत्रात बसून भविष्यात जाणारा प्रवासी, अदृश्य झालेला शास्त्रज्ञ आणि पृथ्वीवर चालून आलेले मंगळवासी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. १९१३ साली लंडनच्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने मात्र त्यांचे एक निराळेच चित्र छापले. जगभर वाचला जाणारा हा लेखक त्यात घरातल्या जमिनीवर बसून शिशाच्या शिपायांची लढाई लढवताना दिसतो. तेव्हा त्यांचे वय ४६ वर्षांचे होते आणि युरोपातले खरे महायुद्ध दीड वर्षावर येऊन ठेपले होते.

त्याच वर्षी या खेळाचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे त्यांचे लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. आज टेबलावर वॉटर्लूची किंवा गेटिसबर्गची लढाई नव्याने लढवणारे, आणि त्यासाठी रात्र रात्र दिव्याखाली बसून इंचभर उंचीच्या शिपायांच्या कोटांची बटणे रंगवणारे जे छांदिष्ट जगभर विखुरले आहेत, ते आपल्या छंदाचा आरंभ बहुधा या पुस्तकापासून मोजतात. प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ‘क्रीगस्पील’ नावाचा नकाशावरचा खेळ रूढ होता. परंतु तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता आणि वेल्स यांना तो रटाळ वाटे. शिपाई, तोफा, झाडे, घरे यांनिशी कोणालाही घरी खेळता येईल असा युद्धाचा खेळ त्यांनी सिद्ध केला. आणि हा माणूस युद्धाचा विरोधक होता! ही विसंगती कोठून आली, हे पाहायचे तर त्यांच्या बालपणापासूनच सुरुवात करावी लागते.

लंडनच्या आग्नेयेस केंट परगण्यातील ब्रॉमली या गावी २१ सप्टेंबर १८६६ रोजी हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म झाला. घरात त्यांना बर्टी म्हणत. वडील जोसेफ यांचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते. त्याच दुकानात क्रिकेटच्या बॅटीही विकायला असत. दुकान कधीच धड चालले नाही, कारण जोसेफ यांचा जीव गल्ल्यापेक्षा मैदानावर अधिक रमे. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यांनी लागोपाठच्या चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधला हा असा पहिलाच पराक्रम. आई सारा लग्नापूर्वी मोठ्या घरात मालकिणीच्या खास सेवेत होत्या. घरात पैशाची ओढाताण कायमची असे.

१८७४ साली बर्टीच्या पायाचे हाड मोडले आणि काही आठवडे तो अंथरुणाला खिळला. वडील वाचनालयातून पुस्तके आणून देऊ लागले आणि या मुलाला वाचनाचे जे वेड लागले ते शेवटपर्यंत सुटले नाही. आपला पाय मोडला हे आपले मोठेच भाग्य, असे वेल्स पुढे मानीत. पण त्या वाचनातून आणखीही एक गोष्ट अंकुरली. गावाबाहेर मार्टिन्स हिल नावाची टेकडी होती. तिच्या उतारांवर हा अंगाने किरकोळ, फिकट मुलगा एकटाच हिंडत असे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो रमतगमत चाललेला एक पोरगा दिसे. प्रत्यक्षात तो त्या वेळी प्रचंड सैन्यांचे नेतृत्व करीत असे, शत्रूच्या फळ्या मोडून काढीत असे, शरण आलेल्या राजधान्यांतून घोड्यावर बसून मिरवत असे. वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत त्याच्या मनातल्या या लढाया चालू होत्या. त्या आठवणी वेल्स पुढे विसरले नाहीत, हे महत्त्वाचे.

तेराव्या वर्षी दिवास्वप्ने संपली आणि कापडदुकानातली उमेदवारी सुरू झाली. वडिलांच्या मांडीचे हाड मोडून त्यांचे क्रिकेट संपले होते आणि आईने सासेक्समधील अपपार्कच्या वाड्यात कारभारणीची नोकरी धरली होती. विंडसरच्या दुकानातून बर्टीला नालायक ठरवून परत पाठवण्यात आले. मग साउथसीच्या दुकानात दोन वर्षे गेली. सकाळपासून रात्रीपर्यंत ठाणे उलगडायची आणि गुंडाळायची, आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर माळ्यावरच्या खोलीत झोपायचे. १८८३ मध्ये त्याने आईला निर्वाणीचे सांगून ही गुलामी झुगारून दिली. मिडहर्स्टच्या शाळेत सहायक शिक्षक म्हणून तो लागला आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या ‘नॉर्मल स्कूल ऑफ सायन्स’मध्ये दाखल झाला. तेथे टी. एच. हक्सली यांच्यासारखा गुरू लाभला. त्यानंतरचा प्रवास सर्वश्रुत आहे. १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’, १८९७ मध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’, १८९८ मध्ये ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’. कापडदुकानातून पळालेल्या मुलाने नवे शतक उजाडताना सँडगेटच्या समुद्रकाठी स्वतःचे घर बांधले. या घरात ‘गिप’ या लाडक्या नावाने ओळखला जाणारा जॉर्ज फिलिप १९०१ मध्ये आणि फ्रँक १९०३ मध्ये जन्मला.

मुले झाली तशी घरात खेळणी आली आणि खेळण्यांबरोबर मार्टिन्स हिलची सैन्येही परतली. एके दिवशी वेल्स आपल्या एका मित्राबरोबर मुलांच्या खेळण्यांनी भरलेल्या खोलीत जेवण करून बसले होते. पुस्तकात त्यांनी या मित्राची फक्त आद्याक्षरे दिली आहेत. ‘थ्री मेन इन अ बोट’चे लेखक जेरोम के. जेरोम यांना त्यावरून ओळखणे कठीण नाही. तेथे खेळण्यातली एक तोफ पडलेली होती. स्प्रिंगच्या जोरावर लाकडाची लहानशी कांडी फेकणारी ती तोफ जेरोम यांनी उचलली आणि समोरच्या शिपायावर नेम धरला. शिपाई पडला. दोन्ही प्रौढ गृहस्थ खाली बसले आणि आळीपाळीने नेम धरू लागले. ‘लिटल वॉर्स’चा जन्म असा झाला.

त्या तोफेविषयी आणि शिपायांविषयी थोडे सांगायला हवे, कारण ती हाती नसती तर हा खेळ घडलाच नसता. शिशाचे सैनिक त्यापूर्वी मुख्यतः जर्मनीतून येत. ते भरीव असत, म्हणून जड आणि महाग. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन (धाकटे) यांनी पोकळ ओतकामाची युक्ती काढली. साच्यात वितळलेला धातू ओतायचा, साच्याला लागून असलेला थर थिजला की आतला पातळ धातू लगेच बाहेर ओतून द्यायचा. राहतो तो पोकळ शिपाई. धातू कमी लागतो, किंमत खाली येते, आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला पलटणच्या पलटण उभी करता येते. सुमारे दोन इंच उंचीच्या या शिपायांचे रंगकाम मात्र यंत्राने होत नसे. कारखान्यात स्त्रिया हाताने ते करीत. लाल अंगरखा, काळी उंच टोपी, पांढरे पट्टे, गालावर गुलाबी टिपका आणि ओठांवर मिशीची बारीक रेघ. चकचकीत रंगातले असे हजारो चेहरे त्यांच्या हातांखालून गेले. त्या स्त्रियांची नावे कोणी नोंदून ठेवली नाहीत. खोक्यावर असे ते फक्त ‘ब्रिटन्स’ हे नाव. कंपनीच्या यादीत साम्राज्यातल्या बहुतेक पलटणी होत्या. बॉम्बे लान्सर्स आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री यांचेही संच त्यांत होते. मुंबई इलाख्यातल्या शिपायांचे हे रूप लंडनच्या मुलांनी हाताळले, ते असे.

जेरोम यांच्या नेमबाजीतून वेल्स यांच्यातला शास्त्राचा विद्यार्थी जागा झाला. नुसती धडाधड नको, नियम हवेत. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धावरून परतलेल्या एका कॅप्टनचाही सल्ला मिळाला. हळूहळू खेळाला आकार आला. लाकडी ठोकळ्यांची घरे, पुठ्ठ्याच्या भिंती, बागेतून तोडून आणलेल्या फांद्यांची झाडे. पायदळाने एका खेपेस एक फूट सरकायचे, घोडदळाने दोन फूट. तोफ डागायची किंवा हलवायची तर तिच्याजवळ चार शिपाई जिवंत हवेत. प्रत्येक चालीला वेळेचे बंधन, म्हणून हातात घड्याळ. विचार करीत बसणाऱ्या सेनापतीचे सैन्य जागच्या जागी राहते. तोफेच्या माऱ्यात फासे नव्हते. शिपाई मेला की नाही हे लाकडी कांडी प्रत्यक्ष लागण्यावर ठरे. पोकळ शिपाई ठिसूळ असत. मान तुटली तर आगकाडीचा तुकडा खुपसून मुंडके पुन्हा बसवण्याची युक्ती त्या काळच्या घरोघरी ठाऊक होती.

‘लिटल वॉर्स’च्या दोन वर्षे आधी, १९११ मध्ये, वेल्स यांनी ‘फ्लोअर गेम्स’ हे पुस्तक लिहिले होते. त्यात जमिनीवर बेटे आणि नगरे वसवण्याचे खेळ आहेत. त्या पुस्तकातली एक तक्रार मला फार बोलकी वाटते. दुकानात पाहावे तिकडे शिपाईच शिपाई. नगर वसवायचे तर त्यात राहायला साधी माणसे हवीत आणि तीच मिळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे, लढाईचा खेळ खेळण्यामागे निव्वळ आवड होती हे खरे, पण बाजारात जे मिळत होते त्यानेही खेळाला लढाईकडे वळवले.

‘लिटल वॉर्स’च्या अखेरीस वेल्स खेळकरपणा बाजूला ठेवतात. या लुटुपुटीच्या लढाईत विध्वस्त शहरे नाहीत, अनाथ मुले नाहीत, आणि तरीही डावपेचांचा आनंद पुरेपूर आहे, असे ते दाखवून देतात. युद्धासाठी शिवशिवणाऱ्या राजांना आणि सेनानींना एका मोठ्या दालनात बंद करून भरपूर शिपाई, झाडे आणि घरे द्यावीत व त्यांची हौस तेथेच फिटू द्यावी, अशी त्यांची सूचना आहे. विनोदाच्या आवरणाखाली त्यांनी एक गंभीर मत मांडले होते. माणसाच्या मनात युद्धाची हौस असतेच. ती नाकारून भागत नाही, तिला निरुपद्रवी वाट काढून द्यावी लागते. मार्टिन्स हिलवरच्या मुलाला हे आतून ठाऊक होते.

त्याच सुमारास इंग्लंडमधील शांततावादी मुलांच्या हातून शिपाई काढून घेऊन त्यांना शांततेची खेळणी द्यावीत असे म्हणत होते. साकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या एच. एच. मन्‍रो यांनी त्यावर ‘द टॉइज ऑफ पीस’ ही खट्याळ कथा लिहिली. हे मन्‍रो १९१६ मध्ये फ्रान्समधील रणभूमीवर मारले गेले.

वेल्स यांच्या युक्तिवादात एक फट होती आणि ती त्यांना स्वतःला कळत नव्हती असे म्हणवत नाही. दिवाणखान्यातले शिपाई लाल आणि निळे होते. खरे ब्रिटिश सैन्य त्याआधीच रणांगणावर खाकीत वावरू लागले होते. जे सैन्य जमिनीवर मांडले जात होते ते संचलनाच्या मैदानावरचे होते, ज्याला दुरून ओळखता यावे म्हणून रंगवलेले. नव्या युद्धात तर दिसणे म्हणजे मरणे. आणि हे सर्वांत आधी ओळखले होते ते वेल्स यांनीच! ‘द लँड आयर्नक्लॅड्‌स’ या १९०३ च्या कथेत त्यांनी चिलखती, खंदक ओलांडणारी युद्धयंत्रे कल्पिली होती. १९०८ च्या ‘द वॉर इन द एअर’मध्ये आकाशातून शहरे बेचिराख होतात. ‘लिटल वॉर्स’च्या मूळ नियमांत मात्र पायदळ, घोडदळ आणि तोफा एवढेच आहे. कादंबरीकार वेल्स भविष्यातले युद्ध पाहत होते, तर खेळाडू वेल्स वेलिंग्टनच्या काळातले.

१९१२ मध्ये कुटुंब एसेक्समधील ईस्टन ग्लीब या घरी राहायला गेले. पाहुण्यांनी भरलेले, खेळांनी गजबजलेले ते घर होते. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि वेल्स यांचा तोल गेला. प्रशियाचा युद्धखोरपणा एकदाचा चिरडला की युद्ध नावाची गोष्टच संपेल, अशी त्यांची खात्री पटली. त्या आवेशात लिहिलेल्या लेखांचा संग्रह ‘द वॉर दॅट विल एंड वॉर’ या नावाने त्याच वर्षी निघाला. हे नाव पुढे जगभर झाले आणि मग त्याची टिंगलही जगभर झाली. युद्धाची हौस दालनात कोंडावी असे सांगणारा माणूस दालनाची दारे उघडून बाहेर पडला होता. वेल्स यांच्या आयुष्यातला हा दोष मला सर्वांत मोठा वाटतो, कारण इतरांपेक्षा त्यांना अधिक कळत होते.

त्यांची मुले लहान होती म्हणून वाचली. १९१४ मध्ये गिप तेरा वर्षांचा आणि फ्रँक अकराव्या वर्षात होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांची, मित्रांची मुले मात्र गेली आणि परतली नाहीत. १९१६ च्या ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ या कादंबरीत एसेक्समधील एका लेखकाची कथा आहे. घर हुबेहूब वेल्स यांचे, स्वभाव वेल्स यांचा, प्रारंभीचा युद्धज्वरही त्यांचाच. ब्रिटलिंगचा मुलगा मारला जातो. जी आपत्ती स्वतःवर आली नाही ती वेल्स यांनी कागदावर स्वतःच्या दारात आणून उभी केली. त्याच वर्षी त्यांनी इटली आणि फ्रान्सच्या आघाड्या पाहिल्या. त्याच सप्टेंबरमध्ये सॉमच्या रणधुमाळीत पहिले रणगाडे उतरले. तेरा वर्षांपूर्वीची कथा चिखलातून खडखडत चालली होती. दोन फुटांची चाल करणाऱ्या घोडदळाला त्या काटेरी तारांत आणि मशीनगनपुढे काही काम उरले नव्हते.

युद्धानंतर लोकांना शिपाई नकोसे झाले. ब्रिटन्स कंपनीने १९२० च्या दशकाच्या आरंभी शेतीवाडीचा संच बाजारात आणला. शेतकरी, गवळण, गाई, डुकरे, कुंपणे. ‘फ्लोअर गेम्स’मधील साध्या माणसांची मागणी अशी पुरी झाली, पण त्यासाठी मध्ये केवढा संहार व्हावा लागला!

वेल्स यांनी पुन्हा युद्धाचा खेळ मांडला नाही, असे त्यांच्या आत्मचरित्रावरून दिसते. १९३४ च्या या आत्मचरित्रात त्यांनी मार्टिन्स हिलवरच्या लढायांची कबुली सविस्तर दिली आहे. १९१४ पर्यंत आपण शिशाचे शिपाई आणि तोफा घेऊन खेळत होतो आणि त्या खेळामागे बालपणातलीच ऊर्मी होती, असे ते सांगतात. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन एक वर्ष झाले होते. आपल्या तेराव्या वर्षीच्या दिवास्वप्नांनाच सत्ता मिळावी तसा हा माणूस आहे, असे त्याचे निदान त्यांनी केले. शत्रूला राक्षस ठरवून मोकळे होणे सोपे असते. वेल्स यांनी त्याच्यात आपल्याच लहानपणाचा चेहरा ओळखला. १९१४ चे आवेशी वेल्स आणि हे वेल्स यांच्यात वीस वर्षांचे अंतर होते.

दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, त्यांच्या पटकथेवरून ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट आला. कलाविभागात सहायक म्हणून फ्रँक वेल्स काम करीत होता, सँडगेटच्या जमिनीवर शिपाई मांडणारा तोच धाकटा मुलगा. चित्रपटाचा आरंभ नाताळात होतो. घरात खेळण्यांशी खेळणारी मुले आहेत. युद्ध पुकारले जाते. डोक्यावर खेळण्यातले शिरस्त्राण घालून एक लहानगा ढोल वाजवत जागच्या जागी संचलन करतो आणि त्याच्यामागे खऱ्या सैनिकांच्या प्रचंड सावल्या चालू लागतात. पुढे बाँबहल्ल्यानंतर ढिगाऱ्यात एक मेलेले मूल दिसते.

पुस्तकाने मात्र आपले आयुष्य स्वतंत्रपणे काढले. दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात लढलेले डॉन फेदरस्टोन यांनी १९६२ मध्ये ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहिले आणि वेल्स यांचा वारसा पुन्हा घरोघर गेला. भयपटांमुळे गाजलेले नट पीटर कुशिंग यांच्याकडे असे हजारो शिपाई होते. ते शिपाई रंगवत आणि वेल्स यांच्याच नियमांनी लढाया खेळत. १९५६ मध्ये पाथे कंपनीने त्यावर छोटासा वृत्तपट काढला होता. १९६६ मध्ये ब्रिटन्सने शिशाचे शिपाई बनवणे थांबवले. तेव्हापासून तर हा छंद बव्हंशी रंगवणाऱ्यांचाच झाला. शिपाई कोरा विकत घ्यायचा, त्यावर प्रथम काळा किंवा पांढरा अस्तराचा हात द्यायचा, मग एकेक रंग. पातळ केलेला गडद रंग कपड्यांच्या चुण्यांत उतरू द्यायचा, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर उजेड आणायचा. त्याआधी अमुक पलटणीच्या कॉलरची आणि बाह्यांची कड १८१५ मध्ये पिवळी होती की हिरवी, यासाठी जुने ग्रंथ धुंडाळायचे. ज्या शिपायाला खेळात क्षणात पाडायचे त्याच्यासाठी कित्येक तास घालवायचे. ज्यांना वेल्स यांचे खेळणे पोरकट वाटते त्यांनी असा रंगवलेला शिपाई तळहातावर घेऊन पाहावा.

वेल्स यांचे अखेरचे दिवस लंडनच्या हॅनोव्हर टेरेसमध्ये गेले. जर्मन बाँबफेकीतही त्यांनी घर सोडले नाही. ‘द वॉर इन द एअर’ची नवी आवृत्ती १९४१ मध्ये निघाली तेव्हा, मी आधीच बजावले होते आणि तुम्ही मूर्खांनी ऐकले नाही, अशा अर्थाचे वाक्य आपल्या थडग्यावर कोरावे, असे त्यांनी प्रस्तावनेत चिडून लिहिले. १९१४ च्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्यांनी कल्पिलेला अणुबाँब ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर पडला. १३ ऑगस्ट १९४६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, ते गेले. त्यांची रक्षा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ समुद्रात सोडण्यात आली. ते वाक्य कोरायला थडगे काही झाले नाही.